उरलेलं कुठं जातं?

आजी पावती घेऊन आली तेव्हा दूध संस्थेतलं सकाळचं संकलन आटोपत आलं होतं. कॅन धुऊन पालथे घातले होते, फरशीवर पाणी होतं आणि मी कोपऱ्यातल्या काँप्युटरसमोर बसून दहा दिवसांची बिलं छापत होतो. तिनं ती लांबुडकी पातळ पावती माझ्यासमोर धरली आणि ठेवीच्या आकड्यावर बोट ठेवलं. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते.

"मागल्या बिलाला तीनशे हुतं. ह्या बिलाला पाच कापलं. मग तीनशे पाच पायजेत का न्हाई?"

पावतीवर २६१ होते.

१९९७ सालची ही गोष्ट. डिप्लोमा संपवून मी तालुक्याच्या गावी एका छोट्या काँप्युटर ऑफिसात लागलो होतो. आसपासच्या दोन-तीन दूध संस्थांना आम्ही बिलाचा प्रोग्राम दिला होता आणि तो मी लिहिला होता, डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीवर, टर्बो सीमध्ये, म्हणजे सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, दर, पशुखाद्याची उचल, ठेवीची कपात, आणि दहा दिवसांनी पावती. संस्थेचे सचिव तोवर हे सगळं वहीत मांडत असत. काँप्युटर आल्यावरही त्यांनी वही सोडली नव्हती आणि त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

त्याच सुमारास बिलं बँकेत जमा करायचं ठरलं, म्हणून सगळ्यांची नावं पासबुकाप्रमाणे करून घेणं चाललं होतं. आमच्याकडं नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये असायची. आजीच्या नावात मधलं नाव नवऱ्याचं, विठ्ठल. आमच्या यादीत त्याला एकच टी होता, पासबुकात दोन. मी नाव-दुरुस्तीचा पर्याय उघडला, पूर्ण नाव नव्यानं टाइप केलं आणि एंटर मारलं. एका अक्षराची काय ती भर.

"नाव सरळ केलंस आणि पैसं घटलं व्हय रं लेकरा?" आजी म्हणाली.

मी म्हणालो, "आजी, नावाचा आणि पैशाचा काही संबंध नाही. बघतो मी." तिनं मान हलवली आणि किटली उचलून गेली. खरं कारण ती सांगून गेली होती. ते मला कळायला दुपार झाली.

दुपारी तिचं खातं स्क्रीनवर उघडलं तेव्हा नावापुढं दोन चिन्हं दिसली. पत्त्यातला एक किलवर आणि एक छोटा हसरा चेहरा. डॉसची अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दोघे ओळखीचे असतील. डॉसच्या तक्त्यात किलवराचा क्रमांक ५ आणि हसऱ्या चेहऱ्याचा १. मी बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसलो, आणि मग कागद घेऊन खण आखले.

सी भाषेत शब्दाची लांबी कुठं लिहून ठेवलेली नसते. अक्षरं ओळीनं मांडायची आणि ती संपली की शून्य किमतीचा एक बाइट ठेवायचा. (बाइट म्हणजे मेमरीतला एक खण, २५५ पर्यंतचा आकडा मावेल एवढा.) वाचणाऱ्यानं शून्य दिसेपर्यंत वाचत जायचं. तेवढ्या एका करारावर सगळं चालतं. मी नावासाठी २० बाइटांची जागा ठेवली होती. आजीचं नाव आधी मोकळ्या जागा धरून १९ अक्षरांचं होतं. १९ अधिक शून्य, २०, बरोबर मावत होतं. दुसरा टी आल्यावर अक्षरंच २० झाली आणि शून्य एकविसाव्या खणात गेलं. एकविसावा खण नावाचा नव्हता. तो ठेवीचा होता.

टर्बो सीमध्ये पूर्णांकाला दोन बाइट लागतात आणि त्यातला लहान भाग आधी ठेवला जातो. ३०० म्हणजे एकदा २५६ आणि वर ४४. म्हणून पहिल्या बाइटात ४४, दुसऱ्यात १. माझ्या नाव-दुरुस्तीनं त्या ४४ वर शून्य लिहिलं. उरले २५६. पुढच्या बिलाला पाचाची भर पडली, २६१. म्हणजे पहिल्या बाइटात ५, दुसऱ्यात १. आणि आता नावाच्या शेवटी शून्यच राहिलं नव्हतं, म्हणून नाव छापणारा प्रोग्राम पुढं चालत गेला आणि त्यानं ठेवीचे दोन्ही बाइट अक्षरं म्हणून दाखवले: किलवर, हसरा चेहरा. त्यापुढचा खण उचलीचा होता. आजीवर उचल नव्हती, तिथं शून्य होतं, म्हणून नाव तिथं थांबलं. तिच्या ठेवीतले ४४ रुपये एका टीनं खाल्ले होते, आणि काँप्युटरनं कुठंही चूक झाल्याचं सांगितलं नव्हतं.

ज्या ओळीनं हे केलं ती ओळ मी अभ्यासक्रमात शिकलो होतो, परीक्षेत लिहिली होती, आणि तिच्याबद्दल मनात कधी शंका आली नव्हती. गेट्स (gets), कंसात नाव. एवढीच.

गेट्स या फंक्शनला, म्हणजे भाषेतल्या तयार आज्ञेला, आपण फक्त जागा कुठं सुरू होते ते सांगतो. ती कुठं संपते हे सांगायची सोयच त्यात नाही. दूध ओतणाऱ्याला किटली कुठं ठेवली आहे ते दाखवायचं, पण केवढी आहे ते दाखवायचं नाही, आणि वर डोळे बांधायचे. तो कॅन रिकामा होईपर्यंत ओतत राहणार. त्याला दोष कसा द्यायचा? समोरचा माणूस एंटर दाबेपर्यंत जे काही टाइप करेल ते सगळं गेट्स आणून ठेवतं. नाव २० खणांत मावायचं की नाही हे त्या टाइप करणाऱ्याच्या हाती. त्याला तर खण आहेत हेही ठाऊक नसतं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी सी घडवली तेव्हा प्रोग्राम लिहिणारे आणि वापरणारे बहुतेक एकाच इमारतीत बसायचे. ओळ केवढी येणार हे त्यांना माहीत असायचं. त्या काळाला गेट्स शोभलं असेल. पण सी त्या इमारतीत राहिली नाही.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्यानं एमआयटीच्या एका यंत्रावरून स्वतःच पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. दुसऱ्या यंत्रांत शिरायच्या त्याच्याकडं तीन-चार वाटा होत्या. त्यातली एक फिंगर नावाच्या सेवेतून जायची. कोण कोण लॉगिन आहे ते सांगणारी ही साधी सेवा. समोरून आलेली एक ओळ ती गेट्सनं वाचायची आणि त्या ओळीसाठी तिच्याकडं ५१२ बाइट होते. मॉरिसच्या प्रोग्रामनं ५३६ पाठवले. वरचे बाइट जिथं सांडले तिथं फंक्शन संपल्यावर कुठं परतायचं तो पत्ता होता. मॉरिसनं तिथं आपल्याला हवा तो पत्ता येईल अशी ओळ बांधली होती, आणि त्या काळची व्हॅक्स यंत्रं इमानानं त्या पत्त्यावर गेली. सुमारे ६,००० यंत्रं अडकली असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. इंटरनेटवर एकूण यंत्रं साठेक हजार मानली जात, त्या काळी.

मॉरिसचे वडील बेल लॅब्जमध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीवर काम केलेले. पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवायची पद्धत त्यांच्या हातची. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एकाच घरात एक पिढी कुलूप बनवते आणि पुढची पिढी भिंतीतली फट दाखवते.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. या घटनेनंतर वर्षभरानं, १९८९ च्या अखेरीस सीचं पहिलं अधिकृत मानक आलं आणि त्यात गेट्स होतं. १९९९ च्या मानकातही होतं. ते काढून टाकलं २०११ मध्ये. फिंगर कोसळल्यानंतर २३ वर्षांनी. जुने प्रोग्राम मोडू नयेत ही त्यामागची काळजी मला समजते. पण त्या २३ वर्षांत जगभरच्या वर्गांत किती मुलांनी ती ओळ फळ्यावरून उतरवून घेतली असेल! त्यातला एक मी. मॉरिसच्या ५३६ बाइटांची बातमी जगभर झाली होती आणि तरी नऊ वर्षांनी पंचगंगेच्या काठी एका दूध संस्थेत मी तीच ओळ लिहून बसलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दुपारी सचिवांनी वही काढली. मी स्क्रीनवरचं नाव वाचायचं, त्यांनी वहीतली ठेव सांगायची, असं आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. नाव-दुरुस्तीत २० अक्षरं गाठलेली आणखी तीन खाती सापडली. एकाची ठेव २०० ची होती. २५६ च्या आतल्या रकमेचा वरचा बाइट शून्यच असतो, त्यामुळं त्याचे अख्खे २०० गेले होते. त्या माणसानं अजून पावती पाहिलीच नव्हती. वही नसती तर आम्ही कशावरून सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी आजीच्या पावतीवर ३०५ आले. मी तिला सांगितलं की नावामुळंच झालं होतं, तू म्हणालीस ते खरं होतं. ती "बरं" म्हणाली आणि पावती घडी करून कनवटीला लावली.

गेली अठरा वर्षं मी एका पॉलिटेक्निकमध्ये सी शिकवतो. लॅबमध्ये आता लिनक्स ही प्रणाली आहे, पण मुलं घरून सराव करून येतात तो पुष्कळदा टर्बो सीच्या त्याच निळ्या पडद्यावर, डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवलेल्या. जर्नलं वर्षानुवर्षं एकमेकांवरून उतरवली जातात, आणि त्यांच्यात गेट्स अजून जिवंत आहे. लिनक्सवर तो प्रोग्राम जोडताना स्पष्ट इशारा येतो की हे फंक्शन धोकादायक आहे, वापरू नका. मुलं म्हणतात, "सर, वॉर्निंगच आहे, एरर नाही." आउटपुट आलं ना, मग झालं. मी त्यांना आजीची गोष्ट सांगतो. मॉरिसची नंतर.

गेट्सऐवजी स्कॅनएफ या दुसऱ्या फंक्शननं शब्द वाचणारे स्वतःला सुरक्षित समजतात. तसं काही नाही. टक्का-एस (%s, म्हणजे 'शब्द वाच') असं नुसतं लिहिलं की तेही गेट्ससारखंच ओतत राहतं. टक्का आणि एस यांच्यामध्ये १९ लिहिलं तर २० च्या जागेत ते १९ अक्षरांवर थांबेल. हे मधलं १९ लिहिलेलं जर्नल मला क्वचितच दिसतं. आणि थांबलं तरी दुसरी अडचण राहते. टक्का-एस मोकळी जागा दिसली की थांबतं. आपल्याकडं नाव तिपदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. प्रोग्रामनं आधी नाव विचारलं आणि मग गाव, तर पहिलं नाव नावात जातं आणि वडिलांचं नाव गावाच्या रकान्यात जाऊन बसतं. आडनाव तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभं.

इनपुट वाचायचं म्हणजे किती घ्यायचं ते ठरवायचं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, खरा प्रश्न उरलेल्याचा आहे. जे घेतलं नाही ते कुठं गेलं?

दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या प्रॅक्टिकलला कुणीतरी हात वर करतं: "सर, रोल नंबर विचारतो, पण नाव विचारतच नाही. तसाच पुढं जातो." मी त्या स्टुलाजवळ जाऊन उभा राहतो. रोल नंबर स्कॅनएफनं वाचलेला, नाव पुढच्या ओळीत. मुलानं ४ आणि २ दाबून एंटर मारलेलं असतं. स्कॅनएफनं ४२ उचलले आणि एंटर तिथंच टाकून दिलं. नाव वाचायला आलेल्याला समोर तेच एंटर दिसलं. त्याच्या लेखी ती एक पूर्ण ओळ होती, फक्त रिकामी. प्रोग्रामनं नाव विचारलं होतं. उत्तर आधीच्या प्रश्नातून उरलेलं मिळालं.

याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक उतारा दिला जातो: एफफ्लश, कंसात स्टँडर्ड इनपुट. विंडोजच्या काही लायब्रऱ्यांवर तो लागू पडायचा, म्हणून तो रुजला. पण एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे. कीबोर्डकडून येणाऱ्या मजकुरावर ते चालवलं तर काय होईल हे मानक सांगतच नाही. आमच्या लॅबमधल्या लिनक्सवर ते एंटर जागचं हलत नाही. मुलं गोंधळतात, कारण क्लासच्या नोट्समध्ये ते ठळक छापलेलं असतं.

मी सांगतो ते असं. कीबोर्डवरून काहीही घ्यायचं असो, नाव, आकडा, हो-नाही, नेहमी पूर्ण ओळ उचला, एंटरसकट. मग ती ओळ तुमच्या ताब्यात असताना तिच्यातून हवं ते काढा. ओळ उचलायला एफगेट्स. त्याला जागा सांगायची आणि जागेचं मापही सांगायचं. २० सांगितले तर ते जास्तीत जास्त १९ बाइट घेतं आणि जे घेतलं त्याच्यापुढच्या खणात शून्य ठेवतं, न चुकता. मी लिहिलेली ती दूध संस्थेची ओळ आजही डोळ्यांपुढं येते आणि वाटतं, एवढाच फरक होता. एक आकडा जास्त लिहायचा होता.

आकडा हवा असेल तर एटॉयनं काढू नका. ते "बारा" या शब्दाचंही शून्य करतं आणि खऱ्या शून्याचंही शून्यच. स्ट्रटॉल वापरा. ते आकडा तर देतंच, शिवाय आपण कुठवर वाचलं ते दाखवतं. कुणी ठेवीच्या जागी ४०५ऐवजी ४ओ५ टाइप केलं, तर ४ मिळेल आणि बोट त्या 'ओ'वर राहील. उरलेलं समोर दिसतं. मग त्या माणसाला पुन्हा विचारता येतं. आकडा प्रमाणाबाहेर मोठा असला तर तेही ते कळवतं. स्कॅनएफच्या बाबतीत प्रमाणाबाहेरच्या आकड्याचं काय होईल याची हमी नाही.

एफगेट्स मात्र ओळीच्या शेवटचं एंटर सोबत ठेवतं, आणि मुलांना त्याचा त्रास वाटतो. नाव छापलं की पुढचा शब्द खालच्या ओळीवर जातो. ते एंटर काढून टाकायची युक्ती सगळे पटकन शिकतात. मी त्यांना सांगतो, काढायच्या आधी त्याच्याकडं एकदा बघा. एंटर आहे म्हणजे ओळ पूर्ण आली. नाही म्हणजे समोरच्यानं लिहिलेलं अजून शिल्लक आहे, आणि ते पुढच्या प्रश्नाच्या दारात उभं आहे. (किंवा फाइलच संपली, ते वेगळं तपासायचं.) एंटर नसेल तर एकेक अक्षर उचलून एंटर येईपर्यंत बाजूला टाकत जायचं. ते एकेक अक्षर ज्यात घ्यायचं तो चल इंट (पूर्णांकाचा) असू दे, कॅर (एका अक्षराचा) नको. इनपुट संपल्याची खूण कॅरमध्ये नीट मावत नाही. काही यंत्रांवर ती कधी ओळखूच येत नाही आणि प्रोग्राम फिरत राहतो. मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम प्रोसेसरांवर लिनक्समध्ये नेमकं हेच होतं, कारण तिथला साधा कॅर ऋण आकडा धरत नाही.

इथवर शिकवून झालं की मला वाटायचं, विषय संपला. दहा-बारा वर्षांपूर्वी लॅबमध्ये मराठी टाइप करण्याची सोय आली तेव्हा कळलं की संपला नव्हता.

चाचणीसाठी मी फळ्यावर एक नाव लिहितो: ज्ञानेश्वर. २० बाइटांची जागा, एफगेट्स, सगळं शिस्तीत. पोरं टाइप करतात, एंटर मारतात आणि स्क्रीनवर येतं "ज्ञाने" आणि त्यापुढं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

मग आम्ही मोजायला बसतो. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. काँप्युटरच्या हिशेबानं दहा चिन्हं. आज सगळीकडं वापरतात त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तीस बाइट. एफगेट्सनं १९ घेतले. सहा चिन्हांचे १८, म्हणजे "ज्ञाने", आणि सातव्या चिन्हाचा, श चा, पहिला बाइट. श तिथं तुटला. त्याचे दोन बाइट, मग हलन्त, व, र आणि एंटर असे १२ बाइट मागं राहिले. पुढचा प्रश्न गावाचा. गावाच्या रकान्यात तुटलेल्या श चे दोन तुकडे आणि "्वर". शेजारच्या कुणाची ठेव बुडाली नाही, मेमरी शाबूत आहे, मानकाप्रमाणे सगळं सुरक्षित. आणि ज्ञानेश्वरांचं नाव मधोमध कापलेलं.

एकेकाळी हे नाव दहा बाइटांत बसायचं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड डॉसच्या काँप्युटरांत बसवत असत आणि त्यात इस्की हा भारतीय संकेत होता. देवनागरीचं एक चिन्ह, साधारण एक बाइट. १९९१ मध्ये त्याचं भारतीय मानक झालं. त्या दिवसांत २० बाइटांत ज्ञानेश्वर ऐसपैस बसले असते. यूटीएफ-८ केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत कागदी टेबलमॅटवर मांडलं. थॉम्प्सन म्हणजे युनिक्सचे जनक, रिचींचे सहकारी. त्यांच्या त्या मांडणीबद्दल मला फार आदर आहे, कारण तुटलेलं अक्षर ओळखायची खूण त्यांनी बाइटातच ठेवली. चिन्हाच्या पहिल्या बाइटाची किंमत १२८ ते १९१ मध्ये कधी येत नाही, मागून येणाऱ्या बाइटांची नेहमी तेवढ्यातच असते. म्हणजे ओळ तुटली असेल तर शेवटाकडून मागं मागं यायचं, चिन्ह सुरू होतं तो बाइट सापडला की ते अर्धं चिन्ह पुसून टाकायचं. प्रश्नचिन्ह जातं. उरतं "ज्ञाने".

पण असं सोडवून आणलेल्या एका मुलाला मी विचारलं, जागा २० ऐवजी २५ ठेवली तर? त्यानं करून पाहिलं. आठ चिन्हं, चोवीस बाइट, एकही बाइट तुटलेला नाही. स्क्रीनवर आलं "ज्ञानेश्". पाय मोडका श, शेवटी लोंबणारा हलन्त. बाइट पूर्ण, चिन्ह पूर्ण, अक्षर अपुरं. तो म्हणाला, "सर, हे नाव नाही झालं." त्या दिवसापासून कापून घ्यायची शिकवण मी सोडली. माणसाच्या नावाला कात्री लावायचा अधिकार प्रोग्रामला नाही. मावत नसेल तर तसं सांगावं, अख्खी ओळ बाजूला टाकावी आणि पुन्हा विचारावं. अर्धं नाव खात्यात ठेवण्यापेक्षा ते बरं.

मागच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या एका बॅचला मी असाच प्रोग्राम करायला दिला होता. जागा ६४ बाइटांची, तेवढी पुरेल या समजुतीनं मीच फळ्यावर लिहिलेली. एक मुलगी काम पूर्ण करून बसली होती पण हात वर करत नव्हती. मी जवळ गेलो. तिनं आपलं पूर्ण नाव टाकलेलं, तिन्ही पदरांचं, मराठीत. प्रोग्राम म्हणत होता: नाव फार मोठं आहे, पुन्हा लिहा. तिनं पुन्हा लिहिलं होतं. पुन्हा तेच. त्याखाली तिसऱ्यांदा.

"सर," ती म्हणाली, "पुन्हा लिहून नाव लहान कसं होईल?"

मी तिच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसलो. ६४ मधून एंटर आणि शून्य वजा केले तर ६२. नावातल्या दोन मोकळ्या जागांचे दोन बाइट काढले तर ६०. तीननं भागले तर वीस चिन्हं. तिच्या नावात एकवीस होती. फळ्यावर जाऊन मी बराच वेळ त्या ६४ कडं बघत राहिलो. मग तो पुसला आणि वर्गाला विचारलं, किती ठेवायचे?

कुणी १०० म्हणालं, कुणी २५६. गेटलाइन वापरा, ते ओळ येईल तशी जागा वाढवत जातं, असंही एकानं सांगितलं आणि ते खरं आहे. फक्त त्याला वरची मर्यादा नाही. संपतच नाही अशी ओळ कुणी पाठवली तर ते मेमरी संपेपर्यंत घेत राहील, आणि काम झाल्यावर ती मेमरी मोकळी करायची आठवण आपण ठेवायची. मी सांगितलं, लिनक्सच्या टर्मिनलवर एका ओळीत एंटर धरून ४,०९६ बाइटच जातात, त्यापुढचं टर्मिनलच घेत नाही. हातानं लिहिलेलं कुणाचंही नाव त्यात बसेल. फाइलीतून त्याहून लांब ओळ आली तर आपली तपासणी आहेच.

सगळ्यांनी आकडा बदलला. त्या मुलीनं ४०९६ लिहिलं, प्रोग्राम चालवायला बोट नेलं आणि थांबली. ओठ हलत होते, मोजत होती. मग ती कर्सर घेऊन मागं गेली, शेवटचा ६ पुसला आणि तिथं ७ लिहिला.

"शून्याला जागा लागंल की," ती म्हणाली, आणि नाव टाइप करायला लागली.